परीक्षा प्रौढांची, कसोटी विद्यापीठांची

१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या एका निकालाने महाराष्ट्रातील शाळाशाळांच्या शिक्षककक्षांत मोठी खळबळ उडवून दिली. पहिली ते आठवीच्या वर्गांना शिकविणाऱ्या आणि सेवानिवृत्तीला पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या सेवेतील शिक्षकांनीही दोन वर्षांच्या आत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण झाले पाहिजे, असा त्या निकालाचा आशय होता. वीस-पंचवीस वर्षे फळ्यासमोर उभे राहून ज्यांनी परीक्षा घेतल्या, त्यांच्यावर स्वतःच परीक्षेला बसण्याची पाळी आली. काहींना हा अन्याय वाटला, काहींना अपमान वाटला, तर काहींनी निमूटपणे मार्गदर्शिका विकत आणून अभ्यासाला आरंभ केला. मुलगी दहावीच्या अभ्यासाला बसली आहे आणि त्याच मेजाच्या दुसऱ्या बाजूला तिची आई बालमानसशास्त्राची प्रश्नोत्तरे पाठ करीत आहे, असे दृश्य कल्पिणे अवघड नाही.

निकालाच्या कायदेशीर बाजूची चर्चा पुष्कळ झाली. परंतु त्यातून निघणाऱ्या एका साध्या प्रश्नाकडे मात्र कोणी फारसे वळले नाही. प्रौढ वयात पुन्हा शिकणे भाग पडलेल्या या माणसाला शिकविणार कोण? परीक्षा सरकार घेणार, पुस्तके बाजारात मिळणार, शिकवणीवर्गांच्या जाहिराती भिंतीभिंतींवर झळकणार. या साऱ्या व्यवहारात विद्यापीठ कोठे आहे? ज्या विद्यापीठाने या शिक्षकाला पदवी दिली, त्याने पदवीदान समारंभाच्या दिवशीच त्याच्याशी असलेला संबंध संपला असे मानावयाचे काय? हा प्रश्न केवळ शिक्षकांचा नाही. कारकुनाचा, परिचारिकेचा, डॉक्टरचा आणि अभियंत्याचाही तो प्रश्न आहे. एकदा घेतलेली पदवी जन्मभर पुरावी, असा काळ आता राहिलेला नाही, आणि तरीही आपली विद्यापीठे अद्याप त्याच काळात वावरत आहेत.

एक जुनी फारकत

ही स्थिती आजची नाही. तिचे मूळ आपल्या विद्यापीठांच्या जन्मातच आहे. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. शिकवावे महाविद्यालयांनी आणि परीक्षा घ्यावी विद्यापीठाने, अशी ती व्यवस्था होती. स्वतः शिकविण्याची मुभा विद्यापीठांना मिळाली ती १९०४ च्या कायद्याने, आणि मुंबई विद्यापीठाचा अर्थशास्त्र व समाजशास्त्र यांचा पदव्युत्तर विभाग प्रत्यक्षात निघाला तो १९१९ साली. म्हणजे पहिली साठ वर्षे विद्यापीठ ही प्रामुख्याने परीक्षा घेणारी संस्था होती. तो संस्कार अजूनही पुसला गेलेला नाही.

याच काळात महाराष्ट्रात प्रौढांचे शिक्षण होत नव्हते असे मात्र नाही. विद्यापीठाच्या स्थापनेच्या दोन वर्षे आधी, १८५५ मध्ये, जोतीराव फुले यांनी दिवसभर राबणाऱ्या शेतकरी-कष्टकऱ्यांसाठी पुण्यात रात्रीची शाळा काढली होती. १८७५ मध्ये न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, तर मुंबईचे १८९८ चे. पुढे गावोगावी व्याख्यानमाला निघाल्या, वाचनालये उभी राहिली, गिरणगावात रात्रशाळा भरू लागल्या. दिवसा पेढीवर खर्डेघाशी करणारा कारकून सायंकाळी इतिहासावरचे व्याख्यान ऐकावयास जात होता आणि दुसऱ्या दिवशी त्यावर वादही घालीत होता. ही आजीवन शिक्षणाची एक समृद्ध परंपरा होती. परंतु ती विद्यापीठाच्या भिंतीबाहेर वाढली. व्याख्याता पुष्कळदा प्राध्यापकच असे. पण तो येई तो स्वतःच्या हौसेने, विद्यापीठाचे कर्तव्य म्हणून नव्हे.

इंग्लंडमध्ये नेमक्या याच सुमारास वेगळे घडले. जेम्स स्टुअर्ट नावाच्या केंब्रिजच्या एका तरुण अध्यापकाने उत्तर इंग्लंडमधील शहरांतून प्रथम स्त्रियांसाठी आणि नंतर कामगारांसाठी व्याख्याने दिली. या माणसांना विद्यापीठात येणे शक्य नसेल तर विद्यापीठाने त्यांच्याकडे गेले पाहिजे, ही त्याची भूमिका केंब्रिजने १८७३ मध्ये अधिकृतपणे स्वीकारली. विद्यापीठीय विस्तारकार्याचा आरंभ तेथून झाला. रानड्यांची व्याख्यानमाला आणि केंब्रिजचे विस्तारकार्य यांत अंतर आहे ते अवघे दोन वर्षांचे. तेथे मात्र ते काम विद्यापीठाने आपले मानले. येथे ते समाजाने आपल्या अंगावर घेतले आणि विद्यापीठ त्रयस्थ राहिले. दोन्ही परंपरांच्या पुढील वाटचालीतील फरकाचे बीज या एका गोष्टीत आहे.

रॉचडेलचा वर्ग

विस्तारकार्य म्हणजे केवळ व्याख्याने नव्हेत, हेही तेथे लवकरच ध्यानात आले. शेकडो श्रोत्यांनी भाषण ऐकावे, टाळ्या वाजवाव्यात आणि घरी जावे, याने ज्ञानाची गोडी लागते, पण अभ्यास होत नाही. १९०३ मध्ये स्थापन झालेल्या कामगार शिक्षण संघाने यावर उपाय शोधला. १९०८ च्या जानेवारीत लाँगटन व रॉचडेल या औद्योगिक गावांत ऑक्सफर्डच्या सहकार्याने त्यांनी मोजक्या विद्यार्थ्यांचे वर्ग सुरू केले. शिकवावयास होता आर. एच. टॉनी, पुढे अर्थशास्त्रीय इतिहासकार म्हणून नावाजलेला. वर्ग दोन तासांचा. पहिला तास अध्यापकाचा, दुसरा विद्यार्थ्यांच्या प्रश्नांचा. विद्यार्थ्याने सलग तीन वर्षे येण्याचे वचन द्यावयाचे आणि नियमाने निबंध लिहावयाचे. शेवटी पदवी नव्हती आणि पगारवाढही नव्हती. तरीही दिवसभर मागावर काम केलेली माणसे तेथे येत आणि अध्यापकाला भंडावून सोडीत.

या प्रयोगातील सर्वांत मोलाची गोष्ट पुढे दिसून आली. सोळाव्या शतकातील शेतजमिनीच्या प्रश्नावरील आपला ग्रंथ टॉनीने १९१२ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा विणकर, कुंभारकाम करणारे, खाणकामगार व यंत्रकामगार अशा आपल्या विद्यार्थ्यांकडून आपण पुष्कळ शिकलो, अशी कबुली त्याने प्रस्तावनेत दिली. प्रौढ विद्यार्थी हा रिकामा घडा नसतो. तो आयुष्याचा अनुभव घेऊन वर्गात बसतो आणि पुस्तकातील सिद्धांत त्या अनुभवावर घासून पाहतो. अशा विद्यार्थ्यासमोर उभे राहणाऱ्या प्राध्यापकाला जुनी टाचणे वाचून दाखविता येत नाहीत. प्रौढांना शिकविणे हा विद्यापीठाने समाजावर केलेला उपकार नसून त्यात विद्यापीठाचाही तितकाच लाभ आहे, हे यावरून ध्यानात यावे.

१९६९ मध्ये सनद मिळालेल्या ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने हीच वाट रुंद केली. १९७१ च्या जानेवारीत सुमारे २५ हजार विद्यार्थ्यांनिशी त्याचे अध्यापन सुरू झाले. प्रवेशासाठी कोणत्याही पूर्वपरीक्षेची अट नव्हती. आकाशवाणी व दूरचित्रवाणी यांचा त्याने उपयोग केला, म्हणून त्याचा बोलबाला झाला. पण त्याचे खरे बळ यंत्रांत नव्हते. प्रत्येक विद्यार्थ्याला नेमून दिलेला मार्गदर्शक, त्याने स्वाध्यायांवर लिहिलेले सविस्तर शेरे आणि जवळच्या केंद्रावर होणाऱ्या भेटी, यांवर ते विद्यापीठ उभे होते.

कागदावरचे तिसरे कर्तव्य

आपल्याकडे विचारांची वाण कधीच नव्हती. १९६६ मध्ये अहवाल सादर करणाऱ्या कोठारी आयोगाने पत्रद्वारा अभ्यासक्रम व सायंमहाविद्यालये यांवर मोठा भर दिला होता आणि १९८६ पर्यंत उच्च शिक्षणातील एक तृतीयांश विद्यार्थी या मार्गांनी शिकू शकतील अशी अपेक्षा बाळगली होती. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातले. शिक्षण शाळेच्या चौकटीबाहेर काढण्याचा विचार त्यांनी जन्मभर मांडला. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९७७ मध्ये अध्यापन व संशोधन यांच्या बरोबरीने विस्तारकार्य हे विद्यापीठांचे तिसरे कर्तव्य असल्याचे जाहीर केले. पुढच्याच वर्षी, २ ऑक्टोबर १९७८ रोजी, राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला आणि विद्यापीठाविद्यापीठांतून प्रौढ व निरंतर शिक्षणाचे विभाग उघडले गेले.

या विभागांनी साक्षरतेच्या क्षेत्रात केलेले काम उणे लेखण्याचे कारण नाही. ज्या देशात कोट्यवधी माणसांना अक्षरओळख नव्हती, तेथे आधी साक्षरता, मग बाकीचे, हा क्रम स्वाभाविकच होता. परंतु त्यामुळे विभागाच्या नावातील ‘प्रौढ’ हा शब्द निरक्षराशी कायमचा जोडला गेला आणि ‘निरंतर’ हा शब्द शोभेपुरता उरला. शिकलेल्या माणसालाही पुन्हा शिकावे लागते, ही जाणीव रुजली नाही. पंचवार्षिक योजनांच्या अनुदानावर उभे राहिलेले हे विभाग विद्यापीठाच्या मुख्य प्रवाहात कधी आलेच नाहीत, आणि २०१७ मध्ये बाराव्या योजनेबरोबर योजनांची ती चौकटही संपली. महाराष्ट्राच्या २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने आजीवन अध्ययन व विस्तार यांसाठी स्वतंत्र मंडळाची तरतूद केली, हे योग्यच झाले. पण अनेक महाविद्यालयांतून आज या कार्याचे दृश्य रूप कोणते? विशीतील विद्यार्थ्यांनी एखादे सर्वेक्षण करावयाचे, पथनाट्य बसवावयाचे आणि त्याबद्दल वाढीव गुण मिळवावयाचे. उपक्रम म्हणून तो चांगला आहे. मात्र ज्या चाळिशीतल्या माणसासाठी हे सारे असावयास हवे, तो त्यात कोठेच दिसत नाही.

संगणक आला तेव्हा

याची किंमत काय पडते, हे महाराष्ट्राने या शतकाच्या आरंभी पाहिले. सरकारी कचेऱ्यांत संगणक आले आणि टंकलेखन यंत्रावर आयुष्य घालविलेल्या कर्मचाऱ्यांपुढे नवेच यंत्र येऊन उभे राहिले. संगणकाचे ज्ञान सक्तीचे झाले. २००१ मध्ये राज्य शासनाच्या पुढाकाराने महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि त्याचा ‘एमएस-सीआयटी’ हा अभ्यासक्रम खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचला. पन्नाशीतले लेखनिक आणि शिक्षक आपल्या मुलांच्या वयाच्या शिक्षकासमोर बसून माउस धरावयास शिकले. विद्यापीठांचा त्या महामंडळात सहभाग होता. पण प्रत्यक्ष शिकविण्याचे काम गल्लीबोळांतील खाजगी केंद्रांनी केले. महाविद्यालयांच्या इमारती मात्र सायंकाळी सहानंतर कुलूपबंदच राहिल्या.

शिवाय हे शिक्षण प्रमाणपत्रापुरते आणि ते प्रमाणपत्र वेतनवाढीपुरते, असा प्रकार पुष्कळ ठिकाणी झाला. हा दोष कर्मचाऱ्यांचा नव्हे. शिक्षणाला धाकाचे रूप दिले की माणूस त्यातून सुटका शोधतो. बारा व चोवीस वर्षांच्या सेवेनंतर शिक्षकांना वरिष्ठ व निवड श्रेणीसाठी प्रशिक्षण घ्यावे लागते. प्राध्यापकांना बढतीसाठी उजळणी वर्ग करावे लागतात. महाराष्ट्रातील डॉक्टरांना नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० श्रेयतास भरावे लागतात. या अटी अयोग्य आहेत असे कोणी म्हणणार नाही. पंचवीस वर्षांपूर्वीच्या ज्ञानावर औषध देणारा डॉक्टर कोणालाच नको असतो. परंतु हजेरीची नोंद म्हणजे शिक्षण नव्हे. सभागृहात नाव नोंदवून उपाहारगृहात गप्पा मारीत बसलेल्या माणसाचेही तास भरतातच.

शेतकऱ्याला जे मिळते

विद्यापीठाला हे काम जमणारच नाही, असे मात्र म्हणता येत नाही, कारण ते जमल्याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषि विद्यापीठांच्या रचनेत अध्यापन व संशोधन यांच्या जोडीला विस्तार हे काम आरंभापासूनच आहे. अकोल्याच्या शिवारफेरीला येणाऱ्या शेतकऱ्याला त्याची पदवी कोणी विचारीत नाही. तो वाफ्यातील वाण पाहतो, रोगाचे पान खिशातून काढून शास्त्रज्ञापुढे धरतो, आपल्याकडे हे बियाणे का उगवले नाही असे सरळ विचारतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा येतो. राहुरीची ‘कृषिदर्शनी’ अनेकांच्या घरी असते. या व्यवस्थेत उणिवा पुष्कळ आहेत आणि त्यांबद्दल टीकाही होते. तरी विद्यापीठ आपले आहे व तेथे जाऊन प्रश्न विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे, ही भावना शेतकऱ्याच्या ठायी निर्माण झाली, ही गोष्ट लहान नाही. असा अधिकार प्राथमिक शिक्षकाला, तलाठ्याला किंवा बँकेतील लिपिकाला आपल्या विद्यापीठाबद्दल वाटतो काय?

दुसरा दाखला नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा. १ जुलै १९८९ रोजी स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले होते आणि ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे बोधवाक्य. शिक्षण अर्ध्यावर सुटलेल्या माणसाला पूर्वतयारीचा शिक्षणक्रम पुरा करून पदवीकडे वळण्याची वाट त्याने उघडली, सेवेतील शिक्षकांसाठी बी. एड. चा शिक्षणक्रम चालविला आणि गृहिणी, पोलीस शिपाई, कामगार अशा असंख्यांना पुन्हा पुस्तकाशी जोडले. परंतु या यशाचा एक विपरीत परिणामही झाला. प्रौढांचे काय ते मुक्त विद्यापीठ पाहील, असे म्हणून इतर विद्यापीठांनी आपले हात झटकले. सारा भार एका संस्थेवर पडला की संख्या वाढते आणि विद्यार्थ्यामागे मिळणारे लक्ष घटते. अभ्यासकेंद्र हे अर्ज भरण्याचे व पुस्तके उचलण्याचे ठिकाण बनण्याचा धोका तेथेच संभवतो.

करता येण्याजोगे

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने आजीवन शिक्षणाला स्वतंत्र प्रकरण दिले. मध्येच शिक्षण सोडून पुन्हा परतण्याची मुभा आणि मिळविलेली श्रेये साठविण्याची व्यवस्थाही आणली. २०१७ पासून ‘स्वयम्’ या सरकारी संकेतस्थळावर नामवंत प्राध्यापकांचे पाठ घरबसल्या पाहता येतात. तेव्हा आता अडचण उरली कोठे, असा प्रश्न कोणी विचारील. अडचण ही की, पडद्यावरील पाठाचा आरंभ करणारे पुष्कळ असतात आणि तो शेवटास नेणारे थोडे. दिवसभराच्या नोकरीनंतर थकलेल्या माणसाला नुसता पाठ पुरत नाही. त्याला आपला निबंध वाचणारा कोणी तरी हवा असतो आणि शेजारी बसून अडखळणारा सोबतीही हवा असतो. रॉचडेलच्या वर्गाचे हेच मर्म होते.

म्हणून काही गोष्टी तातडीने व्हावयास हव्यात, आणि त्यांतील बहुतेकींना मोठा पैसा लागत नाही. प्रत्येक तालुक्याच्या गावी निदान एका महाविद्यालयाचे ग्रंथालय सायंकाळी व रविवारी नोकरदारांसाठी उघडे राहावे आणि माजी विद्यार्थ्याला नाममात्र शुल्कात तेथील पुस्तके मिळावीत. वीस-पंचवीस जणांचे, वर्ष-दोन वर्षे चालणारे सायंवर्ग महाविद्यालयांनी चालवावेत. शिक्षकांसाठी गणिताचे व भाषेचे, कचेरीतल्या लोकांसाठी कायद्याचे व माहिती अधिकाराचे, आणि ज्याला केवळ जाणून घ्यावयाचे आहे त्याच्यासाठी इतिहासाचे व अर्थशास्त्राचे. असा वर्ग घेणाऱ्या प्राध्यापकाचे ते काम त्याच्या कार्यभारात मोजले जावे. जोवर ते मोजले जात नाही, तोवर ते हौशी माणसाच्या हौसेवरच अवलंबून राहणार. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने पगारी शिक्षण रजेचा करार १९७४ मध्येच संमत केला आहे. त्या तत्त्वानुसार नोकरी देणाऱ्यानेही शिकण्यासाठी वर्षातून काही दिवस मोकळे द्यावयास हवेत. कर्मचाऱ्याने नवे शिकावे असे ज्याला वाटते, त्याने त्याचा सारा भार कर्मचाऱ्याच्या रविवारवर टाकणे न्याय्य नाही.

यावर नेहमीचा आक्षेप असा की, विद्यापीठांना आहे तेच काम झेपत नाही, प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या आहेत, त्यात हे नवे ओझे कशाला? जागा रिकाम्या आहेत हे खरे आहे आणि त्या भरल्याच पाहिजेत. पण प्रौढांचे शिक्षण हे मुख्य काम संपल्यावर करावयाचे उरलेसुरले काम आहे, हे या आक्षेपातील गृहीत मात्र मान्य करता येणार नाही. विशीत घेतलेले ज्ञान चाळिशीत अपुरे पडते, हे एकदा मान्य केल्यावर विशीतल्या विद्यार्थ्याइतकाच चाळिशीतला विद्यार्थीही विद्यापीठाचाच ठरतो.

पात्रता परीक्षेच्या निकालाने धास्तावलेला शिक्षक कदाचित ती परीक्षा उत्तीर्ण होईलही. मार्गदर्शिका पाठ करून बहुतेक परीक्षा पार पडतात. परंतु ज्या बालमानसशास्त्राची प्रश्नोत्तरे त्याने रात्री जागून घोकली, त्याचा वर्गातल्या मागच्या बाकावर बसलेल्या मुलाशी काय संबंध आहे, हे त्याच्याशी कोणी बोलले नाही, तर शिकणे झाले असे म्हणता येणार नाही. ते बोलणे हे विद्यापीठाचे काम आहे. १८५७ साली परीक्षा घेणारी संस्था म्हणून जन्मलेल्या विद्यापीठाला आता शिकविणारी संस्था होण्याची संधी आहे, आणि तिच्या दाराशी उभे असलेले विद्यार्थी या वेळी विशीतले नाहीत. ते दिवसभराची नोकरी करून आले आहेत. त्यांच्यासाठी सायंकाळी दार उघडे असणार की नाही, यावर विद्यापीठांची परीक्षा होणार आहे.